फोमीवरून हार्ड बोर्डवर जाताय? घ्यायच्या आधी एवढं करा

सर्फिंग शिकताना वापरतो तो मऊ फोमचा बोर्ड म्हणजे फोमी, आणि त्यानंतरचा फायबरग्लासच्या कडक कवचाचा तो हार्ड बोर्ड. तो बघायला बाहेर पडायच्या आधी घरी बसून तीन आकडे लिहून काढा. पहिला, आजचं वजन, लग्नाच्या वेळचं नाही. दुसरा, इन्स्ट्रक्टरने मागून ढकललेल्या लाटा सोडून स्वतः पॅडल करून (पालथं पडून हातांनी पाणी मारत) दहा प्रयत्न केले तर त्यातल्या किती लाटा मिळतात आणि किती वेळा नीट उभं राहून लाटेच्या कडेकडेने आडवं जाता येतं, फेसात सरळ किनाऱ्यावर जाणं मोजायचं नाही. तिसरा, वर्षाला खरोखर किती दिवस पाण्यात असता. पुण्या-मुंबईचा माणूस तिसऱ्या आकड्यावर हमखास खोटं बोलतो, मी पण बोललो होतो. "महिन्यातून एकदा तरी गोवा होतंच की" असं म्हणत होतो आणि वर्षअखेर मोजले तर चौदा दिवस.

त्या खोट्या आकड्याच्या जोरावर मी सीझन संपता संपता एका परत जाणाऱ्या माणसाकडून सहा फुटी शॉर्टबोर्ड घेतला, २९ लिटरचा, आणि माझं वजन ७८ किलो. दिसायला काय होता म्हणून सांगू, पांढराशुभ्र, टोकदार, हातात घेतला की आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. पुढचा अख्खा सीझन हरमलला मी त्याच्यावर छातीपर्यंत पाण्यात बुडून म्हशीसारखा बसलेलो असायचो, पॅडल मारायला लागलो की बोर्ड नांगर टाकल्यासारखा आणि बाजूने दहा-बारा वर्षांची पोरं फोमीवर आरामात निघून जायची. ह्यात बोर्डाचा काही दोष नव्हता आणि विकणाऱ्याचाही नाही. २०२५ ला आपल्या रमेश बुदिहाळने महाबलिपुरमला आशियाई सर्फिंग स्पर्धेत ब्रॉन्झ आणलं तेव्हा त्याचा बोर्ड बघून अजून किती जणांनी असलाच उद्योग केला असेल देव जाणे.

आता हिशोब. बोर्डाच्या खालच्या बाजूला, मधल्या लाकडी पट्टीजवळ (तिला स्ट्रिंगर म्हणतात), पेन्सिलने किंवा छापून मापं लिहिलेली असतात, लांबी फूट-इंचात, मग रुंदी आणि जाडी इंचात आणि बऱ्याचदा शेवटी लिटर. हे लिटर म्हणजे व्हॉल्यूम, बोर्ड तुम्हाला किती तरंगवणार ते. शिकताना आपण साधारण वजनाइतके किंवा जास्तच लिटर वापरत असतो, आठ फुटी फोमी म्हणजे तेच. तिथून पुढच्या बोर्डाला वजनाच्या दोन तृतीयांश ते पाऊण धरा, म्हणजे ७८ किलोला ५२ ते ५८ लिटर. जे बोर्ड बघून आपण भाळतो ते वजनाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपासचे असतात आणि ते रोज पाण्यात असणाऱ्यांसाठी असतात. चाळिशी ओलांडली असेल, खांदे दुखत असतील, वर्षाला पंधरा-वीसच दिवस मिळत असतील तर पाऊणच धरा, लाजू नका. माझा आत्ताचा बोर्ड साडेसात फूट, बावीस, पावणेतीन, ५२ लिटर. ह्याला मिनी-माल म्हणतात आणि फोटोत तो अजिबात भारी दिसत नाही.

आपल्या बाजूची लाट पण हिशोबात घ्या. गोव्यात ऑक्टोबर ते फेब्रुवारी लाट गुडघा ते कंबर, मार्चनंतर जरा जीव येतो आणि पावसाळ्यात समुद्र आपल्यासाठी बंद समजायचा. लाट लहान आणि मऊ असली की ती बोर्डाला ढकलत नाही, बोर्डालाच स्वतःहून सरकावं लागतं. म्हणून बोर्ड सपाट जमिनीवर ठेवून बाजूने, डोळे जमिनीच्या लेव्हलला आणून बघा, नोज (पुढचं टोक) होडीच्या तोंडासारखं फार वर उचललेलं असेल तर तो बाक, म्हणजे रॉकर, उभ्या, पोकळ लाटांसाठी आहे, आपल्या हरमल-मोरजीच्या लाटेत तो पाणी पुढे ढकलत बसतो. कमी रॉकर, रुंद नोज, गोलसर जाड रेल (बाजूच्या कडा), बस. टेल (मागचं टोक) गोल की चौकोनी ह्यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, ह्या टप्प्यावर शून्य फरक पडतो.

माप ठरलं की लगेच विकत घेऊ नका, त्या मापाचा हार्ड बोर्ड दोन दिवस भाड्याने घ्या आणि त्याच सकाळी तासभर नेहमीची फोमी पण घ्या म्हणजे तुलना होते. पालथं पडून पॅडल करताना नोज पाण्याच्या दोन-तीन बोटं वर हवं. पाण्यात घुसत असेल तर मागे सरका, खूप वर असेल तर पुढे, आणि कुठेही सरकलं तरी बोर्ड जड ओढला जात असेल तर तो लहान आहे. लाटा मोजा. फोमीवर दहातल्या सहा मिळत होत्या आणि ह्याच्यावर चार मिळाल्या तर ठीक, सवयीने वाढतील. एकच मिळाली तर उगाच स्वतःची समजूत घालू नका.

जुना बोर्ड घेणार असाल, आणि पहिला हार्ड बोर्ड जुनाच घ्यावा असं माझं मत आहे कारण तो तुम्ही आपटणारच आहात, तर दिवसाउजेडी जा. वॅक्स (पाय घसरू नये म्हणून वर फासलेलं मेण) खरवडून काढायला सांगा, सगळी पापं वॅक्सखाली असतात. मग पाय ठेवतो त्या जागी अंगठ्याने दाबत दाबत जा, कुठे मऊ लागलं, कुरकुर आवाज आला तर वरचं फायबरग्लास फोमपासून सुटलंय, सोडून द्या. उन्हात तिरका धरून आडवी रेघ दिसते का बघा, वरून पण आणि त्याच जागी खालून पण रेघ असेल तर तो एकदा मोडता मोडता राहिलाय. फिन (खालचे पंख) बसतात त्या खाचांभोवती केसासारख्या भेगा असतात, तिथून पाणी आत जातं. उचलून बघा, त्याच मापाच्या दुसऱ्या बोर्डापेक्षा जड लागला किंवा उभा केल्यावर टेलमधून थेंब गळले तर आत पाणी आहे. नुसता पिवळा पडलेला असेल तर घाबरायचं कारण नाही, ते ऊन.

आणि एक विचाराच, आतला फोम पीयू (पॉलियुरेथेन) आहे की ईपीएस. ईपीएस म्हणजे आपला थर्माकोलच, हलका, जास्त तरंगणारा, पण त्याची डिंग (आपटून पडलेला खड्डा) फक्त इपॉक्सी रेझिनने भरायची. मी हार्डवेअरवाल्याकडून साधं पॉलिस्टर रेझिन आणून ओतलं, गणपतीच्या मखरावर स्प्रे पेंट मारला की थर्माकोल कसा खातो तसा लिंबाएवढा खड्डा डोळ्यादेखत नारळाएवढा झाला, आणि वास दोन दिवस गॅलरीत. रिपेअर किट घेताना डब्यावर इपॉक्सी लिहिलंय ना बघा. इपॉक्सी पीयूला पण चालतं, त्यामुळे तेच घेऊन ठेवलेलं बरं.

बाकीचं सामान पटापट. फिन तीन असू द्या, फिनची खाच, म्हणजे बॉक्स, एफसीएस कंपनीची आहे की फ्युचर्सची ते बघा कारण एकाचे दुसऱ्यात बसत नाहीत, साईज वजनावर असते आणि ती पाकिटावर लिहिलेली असते, आणि घट्ट करायची ॲलन की चावीच्या जुडग्यालाच अडकवा. लीश (पायाला बोर्ड बांधायची दोरी) बोर्डाएवढी किंवा थोडी जास्त लांब. वॅक्स ट्रॉपिकलच, थंड पाण्याचं वॅक्स आपल्याकडे तुपासारखं पातळ होतं.

गाडीवरून नेणार असाल तर रॅकला पॅड लावा, फिन काढून ठेवा, पट्टा साध्या बकलचा घ्या, कटाकटा आवळायच्या रॅचेटने बोर्ड चिरडतो. पट्ट्याला एक पीळ द्या नाहीतर आंबोली घाट उतरेपर्यंत टपावर भुंगा बसल्यासारखं गुणगुणत राहतं. आणि कोल्हापुरात मिसळीला थांबलात तर गाडी सावलीत लावा. बंद गाडीत किंवा भर उन्हात ईपीएसमधली हवा फुगते आणि वरच्या थराला फोड येतो, तो परत बसत नाही.

जुनी फोमी मात्र लगेच विकायला काढू नका. डिसेंबरात गुडघ्याएवढ्या लाटेत तीच लागते, मी माझी विकून टाकली आणि आता दर डिसेंबरला तसलीच तासाच्या भाड्याने घेतो.