पावसाळ्यात मध फसफसू नये म्हणून

जुलै लागला की मला फोन येतात, "काकी, मधाला फेस आलाय, आंबूस वास मारतो." मी उलट विचारते, मध कुणी काढला आणि कधी?

मधात यीस्ट असतंच. पाणी १७ टक्क्यांच्या आत असेल तर ते गप्प बसतं. पाणी जितकं वर जाईल तितकं यीस्ट कामाला लागायची भीती वाढते आणि बाटलीत दारू होऊ लागते. माणसानं मीड, म्हणजे मधाची दारू, शिकली ती बहुधा अशीच. चीनमध्ये जियाहूला सुमारे ९००० वर्षांपूर्वीच्या मडक्यांत तांदूळ, मध आणि फळं आंबवल्याच्या खुणा मिळाल्या आहेत. इथिओपियात गेशो नावाच्या झुडपाची पानं-काड्या घालून 'तेज' ही मधाची दारू करतात. पोलंडमध्ये तर मधाला अर्धा भाग पाणी की तीन भाग, यावरच प्रत ठरते. आपल्याकडे चरकसंहितेत मध्वासव आहे, पण ते औषध. हौसेनं घरी करायला मात्र जाऊ नका. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय दारू करणं गुन्हा आहे.

तेव्हा मध मधच कसा राहील ते बघू.

सातेरी या पाळीव मधमाश्यांच्या पेटीतून मध काढायचा तो मिरगाच्या आधी, कोरड्या दिवशी, दुपारी. मधकोठीतली, म्हणजे पेटीच्या मध साठवायच्या वरच्या कप्प्यातली, चौकट उचलून आडवी धरा आणि एक झटका द्या. थेंब उडाले तर मध कच्चा आहे, चौकट परत ठेवा. पाऊण भाग घरं मेणानं बंद झालेली दिसली की मगच मध काढायच्या यंत्रात फिरवा. आग्या मोहोळाचा, हातानं पिळलेला मध मी साठवणीला घेतच नाही. त्यात कच्चा रस, परागकण, सगळंच उतरतं. चवीला झकास, पण लगेच संपवायचा.

बाटली काचेची, उन्हात कडक वाळवलेली. गळ्यापर्यंत भरा, झाकण घट्ट लावा. आपल्या पावसाळी हवेत उघडा मध पाणी ओढतोच, म्हणून रोजच्या वापराला छोटी बाटली वेगळी ठेवा आणि चमचा कोरडाच घाला. मध गोठून तळाला दाणे धरले तर वरचा पातळ भाग आधी आंबतो. तो आधी वापरा.

एवढं करूनही फेस आलाच तर पहिल्यांदा झाकण सैल करा, नाहीतर बाटली फुटते. मग ती गरम पाण्यात ठेवून मध ६३ अंशांवर अर्धा तास राहू द्या. यीस्ट मरतं, आंबणं थांबतं. वास थोडा जातो, आणि आयुर्वेदवाले मध तापवू नका म्हणतात, तेव्हा खायला नको वाटला तर सरळ टाकून द्या. पेटीतल्या माश्यांना मात्र तो घालू नका. आंबलेल्या मधानं त्यांना हगवण लागते.