पांढऱ्या गुलाबाचा वाफा: या चुका टाळा

पांढऱ्या फ्लोरिबंडात, म्हणजे घोसानं फुलणाऱ्या गुलाबांत, सगळ्यांत ओळखीचा वाण म्हणजे ‘आइसबर्ग’, जर्मनीतल्या कोर्डेस या गुलाब-पैदासकारांनी १९५८ साली आणलेला. झाड गुणी आहे, पण कोल्हापूरचा जुलै त्याला झेपत नाही. इथं गुलाब उन्हाळ्यात तहानेनं मरत नाही, पावसाळ्यात बुडून मरतो.

माझा पहिला वाफा असाच गेला. चिकण काळ्या मातीत दीड फुटाचे खड्डे काढून त्यांत पोयटा आणि शेणखत भरलं. पाणी आत शिरायचं, मुरायचं मात्र कुठंच नाही. खड्ड्यांच्या विहिरी झाल्या. आषाढात पानं पिवळी पडली तेव्हा मी शहाण्यानं वर युरिया टाकला! रोप उपटलं तर मुळं काळी, बोटानं दाबली की साल निसटत होती. आता खड्डे नाहीत. अख्खा वाफाच नऊ-दहा इंच उंच करतो आणि दोन रोपांत दोन-अडीच फूट सोडतो. दाटीत पानं वाळत नाहीत, आणि सात-आठ तास पान ओलं राहिलं की काळ्या ठिपक्यांच्या बुरशीचं काम होतं. म्हणूनच संध्याकाळी वरून पाइप मारायचा नाही. गळलेली ठिपक्यांची पानं वेचून टाका, कंपोस्टात नकोत.

साखर कारखान्याची ताजी मळी, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ, थेट मुळाशी घालू नका, ती तापते. आधी नीट कुजवा. पाचट उन्हाळ्यात आच्छादनाला झकास, पावसाळ्यात खोडापासून मागं ओढा.

पांढऱ्या पाकळीवर गुलाबी टिपके दिसले की लोक नर्सरीवाल्याशी भांडायला जातात. दमट हवेत ती बहुधा बुरशीच असते. ती फुलं काढून टाका. पाकळ्यांच्या कडा तपकिरी आणि कळी अर्धवट उमललेली असेल, तर ती पांढऱ्या कागदावर झटका. बारीक रेघांसारखे किडे पळाले तर ते फुलकिडे. पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा.

छाटणी दसरा-दिवाळीच्या सुमारास, पाऊस थांबल्यावर. मोठ्या फुलांच्या गुलाबासारखं बुडापर्यंत कापू नका, तिसरा हिस्सा पुरे. फुलं घोसानं येतात, तेव्हा सुकल्यावर घोसच काढायचा.

कलमाचा डोळा जिथं बांधलेला असतो त्याच्या खालून, म्हणजे खालच्या जंगली खुंटावरून, फुटवा आला तर बुडातून ओढून काढा. शेजारच्या काकूंनी असाच एक जोमदार फुटवा कौतुकानं वर्षभर वाढवला. फुललं ते खुंटाचं. आइसबर्ग कधीच वाळून गेला होता.