तान्ह्या बाळासह पुण्यात घर शोधताना
नोकरीनिमित्त तान्ह्या बाळासह पुण्यात येणाऱ्या कुटुंबाने खोल्यांच्या आकाराआधी पाण्याची चौकशी करावी, कारण वाघोली, बावधन किंवा बाणेरच्या काही भागांत उन्हाळ्यात सोसायट्यांना टँकरवर अवलंबून राहावे लागते आणि दुपटी, लंगोट व बाटल्या धुण्याचे काम तर दिवसभर चालूच असते. ही चौकशी दलालापेक्षा रखवालदाराकडे किंवा तिथे राहणाऱ्या एखाद्या आईकडे करावी. लिफ्टला जनरेटरची जोड आहे का, हेही विचारावे.

6, 10 आणि 14 आठवड्यांच्या लसी व मध्येच येणारा ताप लक्षात घेता बालरोगतज्ज्ञ संध्याकाळच्या गर्दीतही चटकन गाठता यायला हवा. म्हणूनच थोडे अधिक भाडे देऊनही कोथरूडसारखा, दवाखाने आणि बागा जवळ असलेला जुना भाग मला अधिक योग्य वाटतो. घर भर दुपारी एकदा अवश्य पाहावे, म्हणजे बाळ जिथे झोपणार त्या खोलीत किती ऊन येते ते कळते. गॅलरीच्या गजांमधील अंतर 10 सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर जाळी बसवण्याची परवानगी भाडेकरारातच लिहून घ्यावी. करार नोंदणीकृत असावा. महाराष्ट्रात ती नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकाची आहे.