खासदाराचं प्रगतिपुस्तक बघताय? मग या चुका टाळा

निवडणूक जवळ आली की नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फोटो हमखास फिरतो, खासदाराची संसदेतली हजेरी इतके टक्के, प्रश्न इतके, निधी इतका खर्च, आणि त्याखाली लगेच हमरीतुमरी. आकडे बऱ्याचदा खरे असतात पण अर्थ भलताच लावलेला असतो, मग मान मोडून काम करणारा झोडपला जातो आणि नुसती हजेरी लावून निघून जाणारा सुटतो. मला हे मनापासून खटकतं म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी आपला खासदार नक्की कोण ते बघा. नाशिक जिल्हा एक असला तरी लोकसभेला तो तीन ठिकाणी वाटला गेलाय. विधानसभेचे शहरातले तिन्ही मतदारसंघ, देवळाली, सिन्नर आणि इगतपुरी हे नाशिकमध्ये. निफाड, येवला, चांदवड, नांदगाव, कळवण, दिंडोरी हे दिंडोरीत. आणि मालेगावचे दोन्ही आणि बागलाण चक्क धुळ्यात! त्यामुळे बागलाणातल्या सटाण्याचा माणूस नाशिकच्या खासदाराची हजेरी काढून चिडत असेल तर त्याचा राग चुकीच्या पत्त्यावर चाललाय.

दुसरी चूक मंत्र्यांच्या बाबतीत होते. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत आणि प्रश्नही विचारत नाहीत, त्यांचं काम उत्तर द्यायचं. दिंडोरीच्या तेव्हाच्या खासदार भारती पवार जुलै २०२१ मध्ये केंद्रात आरोग्य राज्यमंत्री झाल्या, धुळ्याचे सुभाष भामरे २०१६ ते २०१९ संरक्षण राज्यमंत्री होते. या काळातले त्यांचे प्रश्न शून्यच दिसणार, ते बघून 'पाच वर्षं तोंड उघडलं नाही' म्हणणं साफ चूक आहे. मंत्री होण्याआधीचे प्रश्न वेगळे काढा आणि नंतर त्यांच्या खात्याने काय केलं ते बघा.

हजेरीचा टक्का मला तरी फार कामाचा वाटत नाही. हजेरी नोंदवली म्हणजे त्या दिवशी हजर, मग सभागृहात दहा मिनिटं बसले की दिवसभर ते त्यातून कळतच नाही. टक्का खूपच कमी असेल तर जरूर विचारा की साहेब कुठे होता, आजारपण होतं का, पण ९० टक्केवाला ७५ टक्केवाल्यापेक्षा भारी असं काही नसतं.

आता प्रश्न, इथे खरा माल आहे आणि इथेच लोक घाई करतात. नुसता आकडा बघून पुढे जाऊ नका, संसदेच्या साइटवर जाऊन प्रश्नांची पीडीएफ उघडा. एकेका प्रश्नावर बऱ्याचदा अनेक खासदारांची नावं असतात कारण सारखे प्रश्न एकत्र केले जातात, आणि तो प्रत्येकाच्या खात्यात एक म्हणून जमा होतो. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात, तेही सोडत काढून, म्हणजे आकड्यात नशिबाचाही भाग असतो. तारांकितला तोंडी उत्तर मिळतं आणि उपप्रश्न विचारता येतो, पण तासाभरात वीसपैकी मोजकेच पुकारले जातात. बाकीच्यांचं उत्तर लेखीच.

आपल्याकडचा कांदा घ्या. एखाद्याने साइटवर फक्त कृषी मंत्रालय निवडून कांदा शोधला आणि काही सापडलं नाही की लगेच म्हणणार, खासदार कांद्यावर गप्प! अहो पण निर्यातबंदीचा प्रश्न वाणिज्य मंत्रालयाकडे जातो, निर्यात शुल्काचा अर्थ मंत्रालयाकडे आणि नाफेड या सहकारी संस्थेने सरकारसाठी साठवलेल्या कांद्याचा (बफर स्टॉक) ग्राहक व्यवहारकडे. चारही ठिकाणी शोधा. शिवाय शून्य प्रहरात (तातडीचे मुद्दे मांडायची वेळ) किंवा नियम ३७७ खाली (सभागृहाचं लक्ष वेधायला) मांडलेला मुद्दा प्रश्नांच्या यादीत येतच नाही, तो चर्चांमध्ये बघावा लागतो. आणि उत्तरात 'माहिती गोळा केली जात आहे' असं लिहिलेलं दिसलं तर ते सोडून देऊ नका, ते सरकारचं आश्वासन धरलं जातं, तीन महिन्यांत पूर्ण व्हायला हवं आणि ते पाळलं का हे बघायला लोकसभेची आश्वासन समिती असते. खासदाराला भेटलात तर हेच विचारा, त्या उत्तराचं पुढे काय झालं?

खर्चाबाबतीत तर भयंकर गोंधळ आहे. पगार वेगळा, भत्ते वेगळे, खासदार निधी वेगळा आणि निवडणूक खर्च वेगळा. एप्रिल २०२३ पासून लागू झालेला पगार महिना १ लाख २४ हजार, आणि दैनिक भत्ता २,५०० रुपये. खासदार निधी म्हणजे मतदारसंघातल्या कामांसाठीचा पैसा, वर्षाला ५ कोटी, पण तो खासदाराच्या हातात येतच नाही. खासदार काम सुचवतो, मंजुरी जिल्हा प्रशासन देतं आणि पैसे काम करणाऱ्या यंत्रणेला जातात. म्हणून 'पाच कोटी घशात घातले' म्हणण्याआधी निधीच्या तक्त्यातले रकाने नीट वाचा, सुचवलेलं, मंजूर झालेलं आणि प्रत्यक्ष खर्च झालेलं हे तीन वेगळे आकडे आहेत. सुचवलंच कमी असेल तर खासदाराला धरा, मंजूर होऊन काम रखडलं असेल तर यंत्रणेला धरा. आणि २०२०-२१ मध्ये कोविडमुळे ही योजनाच थांबवलेली होती, त्या वर्षाचा हिशोब त्यांच्या माथी मारू नका.

चौकातल्या 'यांच्या विशेष प्रयत्नांतून' छाप फ्लेक्सवर विसंबू नका, त्यावरून पैसा कुणाचा ते कळत नाही. कामाच्या जागी लावलेला कायमचा फलक शोधा, त्यावर योजनेचं नाव, खर्च आणि खासदाराचं नाव असायला पाहिजे. मंदिराच्या आवारातला सभामंडप 'खासदार निधीतून' असं कुणी सांगितलं तर नक्की चौकशी करा, धार्मिक स्थळाच्या आतली कामं या निधीत बसत नाहीत.

कागद हवे असतील तर जिल्हाधिकारी कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून. इथे अर्ज अडकतात ते एका साध्या कारणाने, महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, लोक मात्र चार पानी गाऱ्हाणं लिहितात. 'अमुक आर्थिक वर्षात खासदार निधीतून मंजूर कामांची यादी, रक्कम, यंत्रणा आणि सद्यस्थिती' एवढंच मागा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करा. पगार-भत्त्यांची माहिती मात्र इथे मागू नका, ती लोकसभा सचिवालयाकडे असते.

निवडणूक खर्चाचंही तसंच. महाराष्ट्रात लोकसभा उमेदवाराची मर्यादा ९५ लाख आहे पण ती उमेदवाराची, पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. उमेदवाराला निकालानंतर ३० दिवसांत हिशोब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो आणि तो नाममात्र फी भरून कुणालाही बघता येतो. बघताना मंडप, गाड्या, जाहिराती यांचे दर आणि तुम्ही डोळ्यांनी पाहिलेल्या सभा यांचा ताळमेळ लावा, कारण नुसती एकूण रक्कम बघितली तर ती मर्यादेच्या आतच दिसणार.