इंद्रायणीत उतरण्याआधी

नदीवर जायची तयारी म्हटली की डबा, टॉवेल आणि कपड्यांचा जादा जोड एवढंच आठवतं. इंद्रायणीवर जाणार असाल तर त्याआधी एक काम करा. आपण उतरणार त्या जागेच्या वरच्या अंगाला काय चाललंय याची चौकशी करा. लोंढा काय आणि मैलापाणी काय, दोन्ही तिकडूनच येतं.

ही नदी लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावते आणि देहू, आळंदीवरून तुळापूरला भीमेला मिळते. म्हणून आदल्या रात्री हवामान खात्याचा इशारा बघताना नुसता पुण्याचा बघू नका, घाटमाथ्याचा बघा. देहूत ऊन पडलेलं असताना वर मावळात धो धो पाऊस चालू असू शकतो. वडिवळे आणि आंद्रा धरणांचं पाणीही याच नदीत येतं, तेव्हा विसर्ग चालू आहे का ते विचारून घ्या. पर्यटनस्थळांवर जिल्हाधिकाऱ्यांचा बंदी आदेश असेल तर बेत सरळ रद्द करा. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी वाढलं तेव्हा ती सगळी माणसं एकमेकांना घट्ट धरून मधल्या खडकावर उभी होती, आणि तिथून काठावर यायला वाटच उरली नव्हती. म्हणून पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहत येऊ लागला किंवा आवाज बदलला, की मोबाइल, चपला, डबा, काहीही गोळा न करता वर चढायचं. मुलांना हे घरीच सांगून ठेवा. जुन्या पुलावर घोळका करून फोटो काढू नका. १५ जून २०२५ ला याच नदीवरचा कुंडमळ्याचा लोखंडी पूल कोसळून चार जणांचा जीव गेला.

सामानात लांब दोर आणि झाकण घट्ट बसणारे दोन रिकामे प्लास्टिकचे कॅन हवेतच. कुणी बुडत असेल तर पोहता येणाऱ्यानेही लगेच उडी मारू नये. काठावरून दोर टाकावा, कॅन फेकावा, ११२ ला फोन लावावा. मुलांना लाइफ जॅकेट घाला. हवेच्या फुग्यावर किंवा टायरवर भिस्त ठेवू नका. बंधाऱ्याच्या खालच्या बाजूला अजिबात उतरू नका. वरून पाणी संथ दिसतं, पण पडणारी धार माणसाला आत ओढून तिथेच फिरवत ठेवते. वाळू उपसलेल्या जागी गुडघाभर पाण्यापुढचं पाऊल थेट डोहात पडतं. दारू प्यायलेल्याला पाण्यात जाऊ देऊ नका, मग तो घरातला कितीही मोठा असो.

आता पाण्याबद्दल. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ नदीच्या पाण्याचे तपासणी आकडे संकेतस्थळावर टाकतं, ते जाण्याआधी चाळा. आंघोळीच्या पाण्यात बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जंतूंना लागणारा प्राणवायू, लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम हवा, आणि विष्ठेतल्या कोलिफॉर्म जंतूंची संख्या १०० मिलिलिटरमागे फार तर २,५००. खरं तर ती ५०० च्या आतच असावी. हे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे नितळ पाण्यावरही डोळे झाकून विश्वास टाकता येत नाही. काठावर गेल्यावर आधी वास घ्या, जलपर्णी आहे का बघा, जवळपास नाला येऊन मिळतोय का ते पाहा. आळंदीत बंधाऱ्याखाली पांढऱ्या फेसाचे थर तरंगताना अनेकदा दिसतात. तो साबणासारखी रसायनं असलेल्या सांडपाण्याचा फेस आहे, त्यात मुलांना खेळवू नका. वारकऱ्यांच्या श्रद्धेचा मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच सांगते, फेस असेल त्या दिवशी काठावरूनच हात जोडावेत आणि स्नान मुक्कामी करावं. माउलींच्या दारी आलेल्या माणसाला बुडी मारायलाही स्वच्छ पाणी मिळू नये, याचा फार त्रास होतो.

पायाला जखम किंवा भेग असेल तर पाण्यात उतरू नका. लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे जंतू तिथून शरीरात शिरतात. पाणी तोंडात घेऊ नका. घरून पाच-दहा लिटर स्वच्छ पाणी आणि साबण न्या, बाहेर आल्यावर लगेच अंग धुवा आणि त्यानंतरच डबा उघडा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल होणं किंवा जुलाब असं काही झालं, तर मेडिकलमधून गोळी आणून अंगावर काढू नका. डॉक्टरांकडे जा आणि त्यांनी विचारायची वाट न बघता सांगा, की अमुक दिवशी आम्ही नदीत उतरलो होतो.