पक्षी उपचार केंद्रात बर्ड फ्लूला दारातच अडवताना

नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. भोपाळच्या प्रयोगशाळेत तपासलेल्या त्यांच्या नमुन्यांत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू आढळला आणि खाद्यातील कोंबडीच्या मांसाकडे संशयाची सुई वळली. म्हणून घार, घुबड किंवा बिबट्याला कच्ची कोंबडी देताना ती कोठून आली याची नोंद ठेवावी आणि परिसरात साथ असेल तर कोंबडी देणे पूर्णपणे बंद करावे.

विषाणू केंद्रात शिरण्याची एक वाट खाद्याची, तर दुसरी अर्थातच आजारी पक्ष्यांची. संक्रांतीच्या सुमारास मांजाने पंख कापलेल्या पक्ष्यांची रीघ लागते आणि स्थलांतरित पाणपक्ष्यांचा मुक्कामही नेमका तेव्हाच असतो. त्यामुळे पक्षी आणणाऱ्याला फोनवरच विचारावे, की आसपास आणखी पक्षी मेले आहेत का, मान वाकडी होणे, गोल फिरणे, आचके येणे असे काही दिसते का. ही लक्षणे राणीखेत या पक्ष्यांच्या दुसऱ्या विषाणूजन्य रोगात किंवा विषबाधेतही दिसतात आणि नुसत्या डोळ्यांनी फरक ओळखता येत नाही. उलट रानबदक काहीही लक्षण न दाखवता विषाणू बाळगू शकते. तेव्हा पहिली तपासणी इमारतीबाहेरच करावी आणि संशयित पक्षी आत घेऊ नये. बाकीचे नवे पक्षी चौदा दिवस वेगळ्या खोलीत ठेवावेत व त्या खोलीचे बूट, भांडी आणि शक्यतो माणूसही वेगळा असावा.

जंतुनाशकाविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो. विष्ठा व पिसे तशीच ठेवून वर सोडियम हायपोक्लोराइट (ब्लीचमधील जंतुनाशक) ओतल्यास त्याचा प्रभाव उरत नाही; आधी साबणाच्या पाण्याने जागा स्वच्छ करावी. कोरडा झाडू किंवा जोराचा फवारा मात्र टाळावा, कारण त्याने विषाणू हवेत उडतो.

मृत पक्ष्याचे शवविच्छेदन केंद्रात करू नये. एन-९५ मुखपट्टी, चष्मा व हातमोजे घालून तो दुहेरी पिशवीत बंद करावा आणि वन विभागाला व जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला तत्काळ कळवावे. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्याने असे कळवणे बंधनकारक आहे. घरी कोंबड्या पाळणाऱ्या स्वयंसेवकांना या कामातून वगळावे. संशयित पक्षी हाताळलेल्यांनी पुढचे दहा दिवस स्वतःवर लक्ष ठेवावे आणि ताप, खोकला किंवा डोळे लाल होणे जाणवल्यास डॉक्टरांना पक्ष्यांच्या संपर्काची माहिती न विचारताच द्यावी.