सेजमॅथमध्ये आलेख दिसत नसेल तर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत दहावीपर्यंत मराठीतून शिकून पुढे विज्ञान किंवा अभियांत्रिकीकडे वळलेल्या विद्यार्थ्यांसाठी सेजमॅथ हे ब्राउझरमध्ये चालणारे मोफत गणिती सॉफ्टवेअर फार उपयोगी आहे. विल्यम स्टाइन यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात गणित पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या पद्धतीने लिहावे लागते आणि ते बहुधा ज्युपिटर नोटबुकमध्ये, म्हणजे आज्ञा आणि त्यांची उत्तरे चौकटींमध्ये (सेल) मांडणाऱ्या ब्राउझरमधील वहीत, चालवले जाते. नवख्याची पहिली अडचण ठरलेली असते: आज्ञा दिली, चूक दाखवली गेली नाही, पण आलेखही उमटला नाही.

याचे सर्वांत मोठे कारण असे की आलेख काढणे आणि तो दाखवणे ही दोन वेगळी कामे आहेत. 'पी बरोबर प्लॉट' असे लिहून साइन एक्सचा आलेख 'पी' या नावात साठवला, तर तो तयार होतो, परंतु पडद्यावर येत नाही. त्यासाठी पुढच्या ओळीत नुसते 'पी' किंवा 'शो' ही आज्ञा लिहून कंसात 'पी' द्यावे लागते. शिवाय चौकटीतील केवळ शेवटच्या ओळीचे उत्तर आपोआप दिसत असल्याने, एकाच चौकटीत तीन आलेख काढले तर शेवटचाच दिसतो, आणि 'फॉर'च्या आवर्तनात (एकच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या रचनेत) काढलेला तर एकही दिसत नाही. म्हणून प्रत्येक आलेखाला 'शो' लावण्याची सवयच लावून घ्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

तरीही काही दिसत नसेल, तर दोष गणनेत आहे की ब्राउझरमध्ये, हे आधी ठरवावे. आलेखाच्या नावापुढे टिंब देऊन 'सेव्ह' लिहावे, कंसात अवतरणचिन्हांत 'पीएनजी'ने संपणारे फाइलचे नाव द्यावे आणि ती फाइल उघडून पाहावी. चित्र नीट असेल तर गणना बरोबर आहे. चौकटीच्या डावीकडे तारका दिसत असेल तर काम अजून चालू आहे. सॉफ्टवेअर दूरच्या सर्व्हरवर चालत असेल आणि पावसाळ्यात खानापूरच्या जंगलपट्टीत जसे नेटवर्क जाते तसे मध्येच गेले, तर उत्तर तयार होऊनही आपल्यापर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी जोडणी परत आल्यावर ती चौकट पुन्हा चालवावी.

त्रिमितीय आलेखांचा प्रश्न निराळा आहे. ते थ्री-जेएस या त्रिमितीय चित्रे काढणाऱ्या जावास्क्रिप्ट संचाच्या साहाय्याने ब्राउझरमध्येच रेखाटले जातात आणि त्यासाठी वेबजीएल ही ब्राउझरची चित्रणाची सुविधा लागते, जी प्रयोगशाळेतील जुन्या संगणकांवर पुष्कळदा बंद असते. तेव्हा 'शो'मध्ये 'व्ह्यूअर' या पर्यायाला 'टॅकियॉन' (स्थिर चित्र बनवणारी प्रणाली) हे मूल्य द्यावे. चित्र फिरवता येत नाही, पण पृष्ठभागाचा आकार स्पष्ट कळतो. मित्राकडून आलेल्या नोटबुकमधील फिरणारे आलेख ज्युपिटरमध्ये त्या नोटबुकला विश्वासाची परवानगी ('ट्रस्ट') दिल्याशिवाय उमटत नाहीत. सर्व चौकटी नव्याने चालवणे हा त्यावरचा सोपा उपाय.

कधी आलेख दिसतो, पण रेष जवळजवळ सपाट वाटते. टॅन एक्ससारख्या फलनाची मूल्ये काही ठिकाणी अफाट वाढत असल्याने असे होते. 'वायमिन'ला उणे ५ आणि 'वायमॅक्स'ला ५ दिले की वक्र स्पष्ट होतो.

आलेखावर मराठी शीर्षक दिल्यास अक्षरांऐवजी रिकामे चौकोन येतात, कारण नेहमीच्या डेजाव्हू सॅन्स फाँटमध्ये देवनागरी अक्षरे नाहीत. म्हणून अक्षांची नावे रोमन लिपीत ठेवावीत आणि मराठी स्पष्टीकरण खालच्या मार्कडाउन चौकटीत, म्हणजे आज्ञांऐवजी साधा मजकूर लिहिण्याच्या चौकटीत, लिहावे, तेथे ते व्यवस्थित दिसते.